अ‍ॅटलिन की डेलिने? उत्तर कॅनडातली सरोवराकाठची दोन गावं

उत्तर कॅनडातल्या एखाद्या सरोवराकाठच्या आडगावी जाऊन यायचं, जमलं तर तिथेच राहायचं, असं मनात असेल तर ही दोन गावं समोरासमोर ठेवून बघा. एक ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य टोकाचं अ‍ॅटलिन, दुसरं नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं डेलिने. दोन्हीकडे वस्ती काही शेंची आणि दारापुढे अथांग पाणी. फोटोत दोन्ही सारखीच मोहात पाडतात. पण अ‍ॅटलिनला बारमाही रस्ता आहे, डेलिनेला नाही. बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

अ‍ॅटलिनचा रस्ताही गमतीचा आहे. गाव ब्रिटिश कोलंबियाचं, पण गाडीरस्ता फक्त शेजारच्या युकॉनमधून येतो. युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सहून साधारण 180 किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी सरोवराकाठी उभे असाल. 1898 मध्ये इथे सोनं सापडलं आणि हजारो माणसं लोटली. त्या काळाच्या खुणा गावात अजून दिसतात, जुनी प्रवासी बोट तर काठावर जपून ठेवली आहे. गावाच्या नावाचं मूळ मात्र सोन्याच्या कितीतरी आधीचं, इथल्या मूलनिवासींच्या त्लिंगिट भाषेतलं आहे. त्याचा अर्थ ‘मोठं सरोवर’. आणि ते खरंच मोठं आहे: ब्रिटिश कोलंबियातलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर. त्याच्या दक्षिण अंगाला लुएलिन हिमनदी आहे, तिथे जायचं तर बोट किंवा पाण्यावर उतरणारं विमान हवं.

डेलिनेला जायचं म्हणजे सहसा आधी नॉर्मन वेल्स या त्याच भागातल्या गावापर्यंत विमान आणि तिथून पुढे छोटं विमान. साधारण जानेवारी ते मार्च या काळात बर्फावरून रस्ता आखला जातो आणि वर्षभराचं इंधन व जड सामान त्यावरून येतं. हा रस्ता किती भरवशाचा? मार्च 2016 मध्ये गावाजवळच बर्फ खचून इंधनाचा टँकर अडकला होता. सामान कधी पोहोचणार हे तिथे हवामान ठरवतं.

पण डेलिनेसमोर जे पाणी आहे त्याला तोड नाही. ग्रेट बेअर लेक सुमारे 31,000 चौरस किलोमीटरचं, संपूर्णपणे कॅनडात असलेलं सर्वांत मोठं सरोवर, आणि त्याच्या काठावर वसतीचं गाव हे एकच. बर्फ काही वर्षी जुलैपर्यंत वितळत नाही. 2016 मध्ये हे सरोवर आणि त्याचं पाणलोट क्षेत्र युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आलं, आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला गावाचा कारभार डेलिनेच्या स्वशासनाकडे आला. सार्वजनिक आणि मूलनिवासी अशी दोन्ही कामं एकच सरकार पाहतं. बाहेरून जाणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवावं: तुम्ही एखाद्या पर्यटनस्थळी जात नाही, साहतू डेने या मूलनिवासी लोकांच्या घरी जाता. बाहेरच्यांचा त्यांचा अनुभव गोडच आहे असंही नाही. सरोवराच्या पूर्व काठावरच्या पोर्ट रेडियम खाणीत इथल्या पुरुषांनी खनिजाची पोती पाठीवर वाहिली. धोका काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातलं युरेनियम पुढे अणुबॉम्बच्या प्रकल्पाकडे गेलं हे कळल्यावर 1998 मध्ये गावातली काही माणसं हिरोशिमाला भेटायला गेली. ज्यांनी स्वतः सोसलं, तीच माणसं दुसऱ्यांच्या दुःखात सामील व्हायला निघाली, हे मला या गावाबद्दल सर्वांत मोठं वाटतं.

आता राहण्याचं बघू. अ‍ॅटलिनला नगरपालिका नाही. शहरात जे आपोआप मिळतं त्यातलं बरंच इथे गावकरी मिळून करतात किंवा ज्याचं त्याने पाहायचं असतं. घर बघताना पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, थंडीत तापवायला काय जळतं, हे तीन प्रश्न दृश्याच्या आधी विचारा. वीज मात्र जमेची बाजू आहे: 2009 पासून पाइन क्रीकवरचा छोटा जलविद्युत प्रकल्प चालतो, तो टाकू रिव्हर त्लिंगिट समाजाच्या मालकीचा आहे. त्याआधी गाव डिझेल जनरेटरवर होतं. किराणा, दात, गाडीची दुरुस्ती, मोठं आजारपण, सगळ्याला व्हाइटहॉर्स. म्हणजे हिवाळ्यात गाडी चालवणं जमत नसेल तर अ‍ॅटलिनही एकाएकी फार लांब होतं.

डेलिनेत परिचारिका चालवतात ते आरोग्य केंद्र आहे. गंभीर रुग्णाला विमानाने बाहेर न्यावं लागतं. गरोदरपण, हृदयविकार किंवा लहान मुलाचं वारंवारचं दुखणं असेल, तर मी तिथे मुक्काम करायला सांगणार नाही. किराणा महाग, केंद्र सरकारचं ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ हे उत्तरेतल्या गावांसाठीचं अन्न-अनुदान दुकानदारामार्फत काही वस्तूंचा भाव उतरवतं, तरीही महागच. उत्तरेत सलग किमान 6 महिने राहणाऱ्याला आयकरात वजावट मिळते, तीही हिशेबात धरा. पण गावाचा खरा आधार सरोवरातला मासा आणि कॅरिबू (उत्तरेतलं रानटी हरीण), आणि ते वाटून खाण्याची रीत. ती पैशाने मिळत नाही. शिक्षक, परिचारिका किंवा गावाला हव्या असलेल्या एखाद्या कामावर गेलात, तर त्या वाटपात हळूहळू जागा होते. हातात काम नसताना नुसतं राहून बघायला म्हणून जाऊ नका. तिथे घरंही मोजकीच आहेत.

उजेडाचा विचार लोक फार उशिरा करतात. डिसेंबरच्या शेवटी अ‍ॅटलिनला दिवस साधारण सहा तासांचा, डेलिनेत तीन-साडेतीन तासांचा. जूनमधल्या कधीही न संपणाऱ्या संध्याकाळी पाहून घर घेणाऱ्याने हे दुसरं चित्रही पाहिलेलं असावं.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्यांदाच जात असाल तर अ‍ॅटलिनला जा, जुलैत. आवडलं तर लगेच घर शोधू नका. जानेवारीत परत जा, भाड्याने तीन आठवडे राहा, सामान आणायला दोनदा व्हाइटहॉर्सला गाडीने जाऊन या. तरीही मन तिथेच राहिलं तर मग बोलणी करा. डेलिनेला पाहुणे म्हणून जायचं असेल तर आधी गावाच्या सरकारशी संपर्क करा, मुक्कामाचं पक्कं झाल्याशिवाय तिकीट काढू नका, दारूबाबत गावाचे नियम काय आहेत ते विचारून घ्या, आणि परतीच्या विमानानंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. धुकं उतरलं तर ते लागतातच.