दुसऱ्यांदा श्रीलंका: त्रिंकोमाली की जाफना?

पहिल्या खेपेला सगळे करतात तेच आपण केलेलं असतं. कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा आणि येताना चहाची पाकिटं. दुसऱ्यांदा जायचं ठरलं, हाताशी चार-पाच दिवस आहेत आणि पुन्हा तीच गर्दी नको, तर नकाशावर दोन नावं उरतात: पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली आणि उत्तर टोकाचं जाफना. आम्ही दोन्हीकडे चार-चार रात्री राहिलो. बरोबर त्र्याहत्तर वर्षांची आई होती आणि पाण्यात शिरलं की बाहेर न येणारा अकरा वर्षांचा मुलगा.

मोसमाचं आधी सांगतो, कारण इथे फसगत होते. मेअखेरीस कोलंबो-गॉलकडे पावसाची चाहूल लागते, तेव्हा या दोन्ही ठिकाणी आभाळ मोकळं असतं. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीला सोयीचं. दिवाळीनंतर मात्र ईशान्य मोसमी पाऊस याच बाजूला झोडपतो. नाताळात जाणार असाल तर दोन्ही विसरा, दक्षिणेलाच जा.

समुद्रासाठी जायचं असेल तर वाद नाही, त्रिंकोमालीच. निलावेलीचा किनारा लांबलचक, मे महिन्यात पाणी तळ्यासारखं शांत. समोरच्या पिजन आयलंडला होडीने गेलो. तोंडाला नळी लावून पाणी कमरेएवढं होताच मुलाला काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क दिसले. तो विषय अजून घरात चालू आहे. जायचं तर पहिल्या होडीने जा, उशिरा गेलात तर माशांपेक्षा माणसांच्या टाचाच जास्त दिसतात. आईसाठी कोणेश्वरम होतं. किल्ल्याच्या आतून चढत जायचं, वाटेत हरणं निवांत चरत असतात आणि वर कड्याच्या टोकाला शंकराचं देऊळ. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी १६२४ मध्ये पाडलं, आजचं विसाव्या शतकातलं आहे. त्यामुळे प्राचीन शिल्पं शोधू नका. पण मागे कडा थेट समुद्रात तुटतो आणि खाली बघताना पोटात गोळा येतो.

आता ज्या गोष्टीने माझा कल ठरवला ती. हसू नका, ती गोष्ट म्हणजे चटणी.

आई शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. मी स्वतः बांगडा-सुरमईवाला, त्यामुळे निघताना हा प्रश्न मी फारसा मनावर घेतला नव्हता. नारळाचा देश आहे, भात आहे, आमटी आहे, काय अडणार? पहिल्याच सकाळी ताटात पोल संबोल आली. ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू. दिसायला अगदी आपली खोबऱ्याची चटणी. आईने घास घेतला आणि थांबली. 'सुकटीचा वास येतोय रे.' नाक बरोबर होतं. यात उंबलकड असते, म्हणजे सुकवून लाकडासारखा कडक केलेला ट्यूना, कुटून घातलेला. तमिळमध्ये त्याला मासी म्हणतात, मासळीवरून लक्षात ठेवायला सोपं. आणि ती चटणीपुरती नसते. फरसबीत, वांग्यात, कांदा-मिरचीच्या ठेच्यात, कुठेही चिमूटभर पडते, आपण हिंग टाकावं तशी. स्वयंपाक्याला विचारलं तर तो मनापासून सांगायचा, 'मासा नाही, अजिबात नाही.' मग दोन क्षणांनी, 'थोडी मासी आहे.'

चार दिवस प्रत्येक जेवणाआधी ही उलटतपासणी. तिसऱ्या दिवशी आईने विचारणंच सोडलं आणि केळी, पाव, दही यांवर आली. तेच मला लागलं. आता दोष सगळा गावाला देणं बरोबर नाही. त्रिंको शहरात शुद्ध शाकाहारी खानावळी आहेत. पण आम्ही किनाऱ्यावर, निलावेलीला राहिलो होतो आणि तिथून शहर पंधराएक किलोमीटर. रात्री इडलीसाठी रिक्षा करून जाणं दोनदा केलं, तिसऱ्यांदा उत्साह संपला. शहरात राहिलो असतो तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता. पण मग किनारा हाताशी राहत नाही.

जाफनाला उतरल्यावर पहिल्या खानावळीच्या पाटीवर 'सैवम', म्हणजे शुद्ध शाकाहारी, वाचून दाखवलं आणि आईचा चेहरा बदलला. तिथे सैव स्वयंपाकघरच वेगळं असतं, विचारायची गरजच पडत नाही. इडिअप्पम आणि त्यावर नारळाच्या दुधाची पातळ सोदी. ती म्हणाली, या आपल्या शिरवाळ्याच, फक्त गूळ घालायचा विसरलेत. बाहेर रस्त्यावर ताडगोळे, बाजारात करुत्तकोळुंबान आंबे. हापूसशी तुलना मी करणार नाही, घरात भांडणं होतात.

जाफन्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. ऊन भयंकर. अकरा ते चार खोलीत पडून राहायचं, दुसरा इलाज नाही. पोहण्यासारखा किनारा म्हणावा तर कॅझुअरीना, तोही त्रिंकोपुढे फिका. मुलगा दोन दिवस फुगून बसला होता. बेटांना जाणाऱ्या होड्यांत दाटी असते. नैनातीवू जवळ आहे, नागपूषणी अम्मन आणि बौद्ध विहार एकाच बेटावर होतात. डेल्फ्टला तासभर लागतो. पोवळ्याच्या दगडांच्या भिंती आणि मोकाट घोडी बघायला मजा, पण परतीच्या होडीची वेळ आधी पक्की विचारा.

संध्याकाळी मात्र गाव उघडतं. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांनी सदरा काढून जायचं, आत घंटांचा नाद आणि गार फरशी. सार्वजनिक ग्रंथालयही चुकवू नका, फक्त आत कधी सोडतात ते विचारून जा. १९८१ मध्ये ते जाळलं गेलं, जवळपास ९७ हजार पुस्तकं गेली. आज पांढरीशुभ्र इमारत पुन्हा उभी आहे आणि आत पोरं परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असतात. मी तिथे तासभर नुसता बसलो.

सगळे मासेखाऊ असाल आणि बरोबर पोरं असतील तर त्रिंको घ्या, मी अडवणार नाही. घरात एक जरी माणूस ताट पुढे आल्यावर वास घेऊन बघणारा असेल, तर माझं मत तुम्हाला कळलंच असेल. दोन्ही करायचं असेल तर आधी त्रिंको, मग वव्हुनियामार्गे जाफना. उलटं करू नका. जाफन्यात चार दिवस बिनधास्त जेवलेल्या आईला पुन्हा त्या चटणीसमोर बसवायची माझी तरी छाती झाली नसती.