रासायनिक समीकरण जुळवायचं कसं: अंदाजाने, बीजगणिताने की इलेक्ट्रॉन मोजून?

अकरावी सायन्सला रेडॉक्सचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीच्या अभिक्रियांचा, धडा सुरू झाला की शिकवणीत एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, बॅलन्सिंगच्या चार-चार मेथड कशाला? एकच सांगा ना." एकच सांगायची तर मी हाफ रिअॅक्शन सांगेन: इलेक्ट्रॉन देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं अर्धं-अर्धं समीकरण वेगळं जुळवायचं आणि मग जोडायचं. पण ज्याला अजून दहावीचीच समीकरणं जुळवायची आहेत, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

अणू मोजत जाणे

मुलं हिला हिट अँड ट्रायल म्हणतात. खरं तर क्रम पाळला तर ट्रायल फारशी उरत नाही. घरच्या सिलिंडरमधला प्रोपेन घ्या. एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू. आधी कार्बन: उजवीकडे ३ कार्बन डायऑक्साइड. मग हायड्रोजन: ४ पाणी. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण डावीकडे तो सुटा आहे, त्याचा आकडा बदलला तरी बाकी काही हलत नाही. उजवीकडे त्याचे ६ आणि ४ मिळून १० अणू झाले, म्हणजे डावीकडे ५ रेणू.

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

त्याच सिलिंडरमधला ब्युटेन घेतला की ऑक्सिजनचे साडेसहा रेणू येतात आणि मुलं खोडरबर शोधायला लागतात. खोडायचं काही नाही, सगळ्यांना २ ने गुणा: २, १३, ८, १०. खोडायची चूक वेगळीच असते. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून कोणीतरी हळूच पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनपाशी २ लिहितं. हिशेब बसतो, पण ते आता पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, जखमा धुवायचं. आकडा सूत्राच्या आधी लावायचा, पोटात नाही.

बीजगणित

तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल यांच्यापासून कॉपर नायट्रेट, नायट्रिक ऑक्साइड आणि पाणी मिळतं. इथे अणू मोजत बसलात तर नायट्रोजन दोन ठिकाणी आणि ऑक्सिजन तीन ठिकाणी विभागलेला, त्यामुळे दमछाक होते. पाच पदार्थांना याच क्रमाने क, ख, ग, घ, च असे आकडे माना. तांब्यावरून क = ग, हायड्रोजनवरून ख = २च, नायट्रोजनवरून ख = २ग + घ, ऑक्सिजनवरून ३ख = ६ग + घ + च. क ला १ धरलं की ख येतो ८/३. सगळ्यांना ३ ने गुणलं की ३, ८, ३, २, ४. गणित आवडणाऱ्यांना हे फार भावतं, आणि डोकं चालत नसेल तेव्हा हात चालवायला बरं.

पण एक भोक आहे. सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. उजवीकडे पोटॅशियम सल्फेट, मँगनीज सल्फेट, पाणी आणि ऑक्सिजन. पदार्थ ७, मूलद्रव्यं ५. एक आकडा आपण धरला तरी अज्ञातं ६ आणि समीकरणं ५च, म्हणजे बीजगणित एका उत्तरावर थांबूच शकत नाही. परमँगनेट २ आणि सल्फ्युरिक आम्ल ३ ठेवून पेरॉक्साइड १ घ्या, ३ घ्या किंवा ५ घ्या. पाणी अनुक्रमे ४, ६, ८ आणि ऑक्सिजन ३, ४, ५ घेतला की तिन्ही वेळा अणू तंतोतंत जुळतात. बरोबर मात्र ५चंच. हे मुलांना फळ्यावर करून दाखवलं की वर्ग शांत होतो.

इलेक्ट्रॉनचा हिशेब

५ का, ते इलेक्ट्रॉन सांगतात. मँगनीज ऑक्सिडेशन नंबर (अणूवर मानलेला विद्युतभार) +७ वरून +२ वर येताना ५ इलेक्ट्रॉन घेतं, पेरॉक्साइडचा रेणू ऑक्सिजन होताना २ देतो. देणं-घेणं १० वर मिटतं: २ परमँगनेट, ५ पेरॉक्साइड.

इथे दोन वाटा फुटतात. ऑक्सिडेशन नंबरची वाट जवळची आहे आणि अख्ख्या रेणूंचं समीकरण दिलं असेल तर वेळ वाचवते. मात्र तांबं-नायट्रिक आम्लात ती बेसावध मुलांना पाडते. तांबं २ देतं, नायट्रोजन ३ घेतो, म्हणून ३ तांबं आणि २ आम्ल लिहून मुलं मोकळी होतात. उरलेले ६ नायट्रेट न बदलता तांब्याला जाऊन चिकटलेत, हे ध्यानातच येत नाही. आम्ल ८ हवं.

हाफ रिअॅक्शनमध्ये हा घोळ होत नाही, कारण कॉपर नायट्रेटमध्ये जाऊन बसलेले नायट्रेट समीकरणात येतच नाहीत. लिहायला जास्त लागतं, हे खरं. आधी ऑक्सिजन पाण्याने, मग हायड्रोजन त्याच्या आयनांनी, शेवटी विद्युतभार इलेक्ट्रॉननी जुळवायचा. माध्यम बेसिक, म्हणजे अल्कधर्मी, असेल तर जितके हायड्रोजन आयन उरले तितके हायड्रॉक्साइड दोन्ही बाजूंना घालायचे.

बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून परमँगनेट सोडताना मोहर सॉल्टचं (यात फेरस, म्हणजे +२ भाराचं लोह असतं) १:५ हे प्रमाण बहुतेक जण पाठ करून येतात. या पद्धतीने ते दोन मिनिटांत निघतं: १ परमँगनेट, ५ फेरस, ८ हायड्रोजन आयन. शेवटी भार मोजा. डावीकडे −१, +१० आणि +८ मिळून +१७. उजवीकडे १ मँगनीजचे +२ आणि ५ फेरिकचे (+३ भाराच्या लोहाचे) +१५. तेही १७.