काळ्या रंगाला भुलून घेतलेला गिअर

गेल्या जुलैची गोष्ट. मिशिगनमधल्या लेक सेंट क्लेअरमध्ये, मोठ्या मालवाहू जहाजांसाठी खणलेल्या मार्गाजवळच आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. बोटीत बायको, दोन मुलं आणि पुण्याहून आलेली आई होती. ना धडधड, ना धूर. चालता चालता गप्प झालं ते झालंच. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर. नांगर टाकला, बोटीच्या रेडिओवर, आणीबाणीच्या चॅनल 16 वर मदत मागितली आणि दीड तासाने दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. आई तेवढा वेळ धाकट्याचा लाइफ जॅकेटचा पट्टा हातात धरून बसली होती.

हे सगळं एका गिअरमुळे झालं, आणि तो गिअर मला खोटं सांगून विकला गेला होता. इथे बोट बाळगणारे बरेच मराठी लोक आता जुनी इंजिनं स्वतः उघडू लागलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिन शेव्हरोलेचं जुनं 454, म्हणजे 7.4 लिटरचं व्ही-8. हिवाळ्यात त्यात ताकदीसाठी हायड्रॉलिक रोलर प्रकारचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (थोडक्यात कॅम), बसवला. मूळचा कॅम बिडाचा (कास्ट आयर्नचा) होता, नवा पोलादाचा. या इंजिनात कॅमच्या मागच्या टोकाला तिरक्या दात्यांचा गिअर असतो. तो डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा गिअर फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकावरून ऑइल पंपाचा दांडा फिरतो. म्हणजे स्पार्क आणि तेल, दोन्हींचा भार त्या तेरा दात्यांवर. बोटीत हा भार मोटारीपेक्षा जास्त छळतो. रस्त्यावर उतार येतो, सिग्नल येतो, पाय सुटतो. पाण्यावर इंजिन तासन्तास ओढतच असतं. त्यात जास्त क्षमतेचा ऑइल पंप आणि गार, घट्ट तेल असेल तर दात्यांवरचा ताण आणखी वाढतो.

बिडाच्या कॅमवर बिडाचा गिअर सुखाने चालतो. पोलादी कॅमवर तोच गिअर खाल्ला जातो. म्हणून पोलादी कॅमला ब्राँझचा, कॉम्पोझिटचा किंवा मेलोनाइज केलेला, म्हणजे नायट्रायडिंगने पृष्ठभाग कडक केलेला पोलादी गिअर लावतात. ब्राँझ मऊ असतो, स्वतः झिजून कॅम वाचवतो. त्यामुळे तो अधूनमधून काढून पाहावा लागतो. मला ते नको होतं. दुकानदाराला मी कॅमसोबत आलेलं माहितीचं कार्ड दाखवलं. त्याने काळाभोर गिअर बसवलेला डिस्ट्रिब्युटर पुढे केला आणि हा मेलोनाइज्ड आहे, कुठल्याही कॅमवर चालतो, असं छातीठोकपणे सांगितलं. बिलावर मात्र नुसतं ‘परफॉर्मन्स गिअर’ लिहिलं. नेहमीच्या गिअरपेक्षा जास्त पैसे घेतले, तेही कार्डाने नको, थेट बँकेतून पाठवा म्हणाला. मी पाठवले.

एक खूण आधीच मिळाली होती, ती मी वाचली नाही. जूनमध्ये ठिणगीची वेळ तपासणारा टायमिंग लाइट लावला तर 10 अंशांवर ठेवलेलं टायमिंग 4 वर आलेलं आणि खूण थरथरत होती. डिस्ट्रिब्युटर घट्ट धरणारा क्लँप सैल पडला असेल असं समजून मी टायमिंग पुन्हा पुढे सरकवलं. दाते झिजले की डिस्ट्रिब्युटर मागे पडतो आणि टायमिंग असंच घसरतं. तेव्हाच क्लँप सोडून तो वर उचलला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं.

धक्क्यावर आल्यावर उचलला. दाते सुरीच्या पात्यासारखे पातळ, काही ठिकाणी नाहीतच. तेलात धातूचा चकाकणारा चुरा.

तरुणपणी मी भोसरीला गिअर कापणाऱ्या कारखान्यात दोन वर्षं काढली. तिथले मिस्त्री कडक केलेल्या तुकड्यावर बारीक कानस फिरवून दाखवायचे. काचेवर फिरवावी तशी ती घसरायची. मी या गिअरच्या न झिजलेल्या बाजूवर, गोल कडेजवळ, कानस ओढली. ती पहिल्याच फटक्यात रुतली. खाली राखाडी भुकटी पडली, बोटं ग्रॅफाइटने काळी झाली. वरचा काळा थर खरवडल्यावर आत साधं बीड. म्हणजे काळा लेप दिलेला बिडाचा गिअर मला मेलोनाइज्ड म्हणून विकला होता. घेतानाच हे करायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे.

डिस्ट्रिब्युटर तपासताना आणखी एक गोष्ट दिसली आणि पोटात गोळा आला. तो मोटारीचाच होता. त्यावर ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ची खूण नव्हती, हवेच्या छिद्रांना ज्वाला अडवणारी जाळी नव्हती. बोटीच्या बंद इंजिनखणात पेट्रोलची वाफ साचते. आतली ठिणगी बाहेर पडली तर स्फोट होतो, म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत पेट्रोल इंजिनाच्या बोटीसाठी हे संरक्षण सक्तीचं आहे. त्या खणावरच माझी मुलं बसत होती.

दुकानदाराने हात झटकले. तेल चुकीचं वापरलंत, पंप तुम्ही मोठा लावलात, असं म्हणाला. बिलावर धातूचं नाव नाही आणि पैसे थेट गेलेले, त्यामुळे बँकेकडेही दाद मिळाली नाही. बेअरिंग, ऑइल पंप आणि कॅम, सगळं नवं घालावं लागलं.

दुकानात दोन वेगवेगळे प्रश्न विचारा. कॅम कशाचा आहे, आणि कॅमवरचा गिअर कशाचा आहे? काही पोलादी कॅमवर मागचा गिअर बिडाचा दाबून बसवलेला असतो, मग हिशोबच बदलतो. उत्तर कॅम बनवणाऱ्याकडूनच घ्या, दुकानदाराकडून नाही. आणि गिअरचा धातू बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार आला तर तिथून निघा.

आता ब्राँझचा गिअर लावला आहे, खऱ्या मरीन डिस्ट्रिब्युटरवर. पाच तास चालवून काढून पाहिला. दात्यांच्या मधोमध सरळ, चमकदार पट्टा उमटला होता. जुना गिअर डब्यात जपून ठेवला आहे. डेट्रॉइटच्या आसपास कोणाला तो हातात घेऊन पाहायचा असेल तर सांगा, मी घेऊन येईन. कानसही आणीन.