किटवे की गॅबोरोन? पगाराआधी खाणीचा करार बघा

झांबिया आणि बोत्स्वाना, दोन्हीकडून बोलावणं आलंय, कुठे जाऊ, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. बहुतेक अकाउंट्सवाले, काही मेंटेनन्सवाले. पगार, परमिट, मुलांची शाळा, पिवळ्या तापाची लस हे सगळं तुमचं बघून झालेलं असणार, त्यात मी शिरत नाही. मी दोन्हीकडे नोकरी केली आहे. आधी झांबियातल्या किटवेत, खाणींना पंप आणि सुटे भाग पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये. मग बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला, हिऱ्यांच्या कारखान्यात. दोन्हीकडे हिशेबाच्या टेबलावर, त्यामुळे जे दिसलं ते तिथूनच.

माणसांचं म्हणाल तर झांबिया. निर्विवाद. टॅक्सीत बसलात की अर्थमंत्र्यापासून मक्याच्या पिठापर्यंत गप्पा सुरू. पिठाची 25 किलोची गोणी कितीला, यावर तिथे सरकारं हलतात. 1986 साली नाणेनिधीच्या अटींपायी पिठावरची सबसिडी काढली तेव्हा कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, दंगली झाल्या, 1990 मध्ये पुन्हा झाल्या, आणि पुढच्याच वर्षी 27 वर्षं राज्य केलेले राष्ट्राध्यक्ष कौंडा मतपेटीतून घरी गेले. आपण भारतीय म्हणून थोडं ऐकूनही घ्यावं लागतं. 2014 मध्ये वेदांताच्या अनिल अग्रवालांच्या बंगळुरातल्या भाषणाची चित्रफीत झांबियाभर फिरली. अडीच कोटी डॉलरला घेतलेली कोंकोला खाण दर वर्षी किमान 50 कोटी डॉलर देते, असं ते त्यात सांगत होते. त्यानंतर कितीतरी दिवस कुठल्याही टॅक्सीत बसलं की ड्रायव्हर आरशातून बघून विचारायचा, "काय बॉस, पन्नास कोटी?"

त्याचा राग समजण्यासारखा होता. कौंडांनी 1969 मध्ये त्यांच्या 'मानवतावादी' समाजवादाच्या नावाखाली खाणींचा 51 टक्के हिस्सा सरकारकडे घेतला, तेव्हा तांब्याला भाव होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यात भाव कोसळला आणि देश कर्जात गेला. मग कौंडांच्या जागी चिलुबा आले, खुल्या बाजाराचं वारं आलं, आणि 1997 ते 2000 या काळात त्याच खाणी तुकड्यातुकड्यांनी विकल्या, भाव तळाला असताना. करारांत रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजावर सरकारला द्यायचा वाटा, 0.6 टक्के, आणि तीही वर्षानुवर्षं बदलायची नाही अशी हमी. तेजीत घेतलं आणि मंदीत विकलं. दोन्ही वेळा तत्त्व मात्र खणखणीत होतं! 2004 नंतर तांबं वर गेलं तेव्हा सरकारच्या हातात फारसं काही पडलंच नाही.

पुढचं सगळं राजकारण त्या करारांची भरपाई करण्यात गेलं, आणि माझं झांबियातून मन उडालं ते इथे. 2008 मध्ये जादा नफ्यावर कर आला, 2009 मध्ये गेला. जानेवारी 2015 मध्ये उघड्या खाणींची रॉयल्टी एकदम 20 टक्के झाली, काही महिन्यांत ती मागे घेतली. दर अर्थसंकल्पाला आमची कोष्टकं नव्याने. तेही चाललं असतं, पण व्हॅटच्या 18 क्रमांकाच्या नियमाने जीव नको केला.

गोष्ट अशी. निर्यातीवर व्हॅट शून्य, म्हणजे खाणीने खरेदीवर भरलेला 16 टक्के कर सरकारने परत द्यायचा. सरकार म्हणालं, माल ज्या देशात उतरला तिथल्या कस्टमचा कागद आणा, मग परतावा. खाण म्हणाली, आम्ही तांबं विकतो स्वित्झर्लंडमधल्या व्यापाऱ्याला, तो ते वाटेत कुणाला विकतो ते आम्हाला काय ठाऊक? कागदोपत्री झांबियाच्या तांब्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं स्वित्झर्लंड. तिथे ना समुद्र, ना तेवढं तांबं उतरवायची जागा. तेव्हा मालाचा भाव मुद्दाम कमी दाखवून नफा बाहेर काढतात, हा सरकारचा संशय काही खुळा नव्हता. पण परतावा अडला तो जवळपास 60 कोटी डॉलरचा, आणि खाणींनी तो भार खाली ढकलला, म्हणजे आमच्यासारख्यांवर.

आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईक खाणीत, कोणत्या ते जाऊ द्या, बिलं घेऊन गेलो की खिडकीमागची बाई शांतपणे म्हणायची, "व्हॅट आला की तुमचं." माल पोचल्याची सही आहे, शिक्का आहे, पंप खाली जमिनीत पाणी उपसतोय, आणि पैसे राजधानी लुसाकाच्या कुठल्यातरी फायलीत. आमचा स्टोअरकीपर पगार लांबला की 'चिसोकोने' नावाच्या बाजारात कलोबा, म्हणजे सावकारी कर्ज, काढायचा: पाचशे क्वाचा घ्या, महिन्याने साडेसातशे द्या. स्वित्झर्लंडच्या कागदाचं व्याज शेवटी तो भरत होता. 2022 च्या पाहणीत झांबियाची 60 टक्के जनता दारिद्र्यरेषेखाली निघाली. मला त्या आकड्यात तो दिसतो, आणि त्याला तर नोकरी होती. 2015 मध्ये नियम सैल झाला, पण तोवर मी गॅबोरोनचा अर्ज टाकला होता.

गॅबोरोन तुलनेने मुकं आहे. "डुमेला रा", म्हणजे नमस्कार, झालं की संभाषण बहुतेक संपलं. संध्याकाळी करमत नाही. पण तीस तारखेला पगार म्हणजे तीस तारखेला पगार, आणि त्याचंही मूळ मला खाणीच्या करारातच दिसतं. 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले ते राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांच्याच ग्वाटो जमातीच्या भागात. तरी त्यांनी खनिजांचा हक्क जमातींकडून काढून देशाकडे दिला. डी बिअर्स या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारीतल्या डेबस्वाना खाण कंपनीत सरकारचा वाटा आधी 15 टक्के होता, 1975 पर्यंत निम्मा केला. समाजवादाच्या घोषणा नाहीत की खासगीकरणाच्या नाहीत. डी बिअर्सही काही धर्मादाय संस्था नव्हती. पण दर वेळी नवा करार करायला बसताना सरकारने थोडं अधिक मागून घेतलं. 2013 मध्ये कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गॅबोरोनला आणली, तिथे मुंबई-सुरतेच्या मंडळींचेही कारखाने आहेत, म्हणून तर माझ्यासारख्याला खुर्ची मिळाली. फेब्रुवारी 2025 च्या करारात सरकारी कंपनीचा विक्रीतला हिस्सा 30 टक्के, पुढे आणखी वाढणारा.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी. बोत्स्वाना जगातल्या सर्वांत विषम देशांपैकी एक आहे. आमच्या कारखान्यात पैलू पाडणाऱ्या मुली ज्या खड्याला हात लावायच्या, त्याच्या किमतीत त्यांचं वर्ष निघालं असतं. मध्य कलहारीच्या वाळवंटातून तिथल्या मूळच्या सान लोकांना हटवलं, त्यांना 2006 मध्ये कोर्टात जाऊन तिथे राहण्याचा हक्क मिळवावा लागला. आणि एकाच खड्यावर देश उभा करण्याची किंमत आता दिसते आहे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी बाजार पाडला, 2024 मध्ये अर्थव्यवस्था आक्रसली, त्याच वर्षी 58 वर्षं सत्तेत असलेला पक्ष 61 पैकी 4 जागांवर आला. विजेची बोंब मात्र झांबियाची मोठी. 2024 च्या दुष्काळात वीज देणारं करिबा धरण आटलं तेव्हा तिथे दिवसातले बरेच तास अंधार होता.

तांबं तेजीत आहे, हिरा नाही. त्यामुळे केवळ उद्योगाचा विचार केला तर आज कुणी किटवे निवडलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांच्या सरकारने मध्यंतरी वेदांताच्या हातून गेलेली कोंकोला खाण पुन्हा त्यांच्याकडे दिली, कामं निघताहेत. एकटे असाल, धडपड आवडत असेल, तर जरूर जा. कुटुंब घेऊन, पाचेक वर्षांसाठी जायचं असेल तर माझं झुकतं माप गॅबोरोनला, हिऱ्याची मंदी धरूनसुद्धा. तिथे मंदी आली तरी निदान कुणामुळे पैसे अडले ते कळतं.

किटवेच ठरलं, तर खाणीत थेट नोकरी बघा, पुरवठादाराकडे नको. पुरवठादाराकडेच असेल, तर मुलाखतीत पगाराच्या आधी एवढं विचारा: खाणीकडून येणं किती महिन्यांचं थकलंय? उत्तर द्यायला वेळ लागला, तर ऑफर लेटर यायची वाट बघू नका.