शहापूरची ड्रेपरी: मावळे झकास, सरदार जरा बघून घ्या

शिवजयंतीच्या चित्ररथासाठी गल्लीतल्या पोरांचे कपडे बेळगावच्या शहापूर खडेबाजारातल्या एका ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटका-मिरवणुकीचे पोशाख देणाऱ्याकडून, भाड्यानं आणले. एका पोशाखाला १५० रुपये, डिपॉझिट वेगळं. इथली मिरवणूक रात्रभर चालते, तेव्हा घामात आणि गुलालात कपडा टिकला पाहिजे.

अंगरखे अव्वल. जाड सुती, धुऊन धुऊन रंग विटलेला, बंद शाबूत. काखेत चौबगळा (हात हलायला जोडलेला कापडाचा तुकडा) घातलेला, त्यामुळं तलवार उगारली तरी शिवण उसवत नाही. पागोटी तयार टोपीसारखी नाहीत. मालक स्वतः डोक्यावर बांधून देतात.

मी शिवणकाम करते, सिनेमातही माझी नजर आधी शिवणीवर जाते. वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मल्याळम सिनेमानं १९८९च्या ‘ओरु वडक्कन वीरगाथा’ला (पी. कृष्णमूर्ती), २००९च्या ‘कुट्टी स्रांक’ला (जयकुमार) आणि २०१९च्या ‘मरक्कार’ला (सुजित सुधाकरन, व्ही. साई) मिळवलाय. ‘मरक्कार’ला तर पुरस्कार आधी, थिएटर नंतर! पण माझं मत ‘कुट्टी स्रांक’ला. त्यातला नायक नावाडी, आणि चविट्टुनाटकम (पाय आपटत नाचायचं केरळी संगीतनाटक) खेळणारा नटही. रंगमंचाचा झगमगाट कुणीही उभा करील. नावेवरच्या माणसाचं रोजचं मुंडू (केरळी लुंगी) खरं वाटायला लावणं अवघड. केरळ सरकारही दरवर्षी राज्य पुरस्कारांत वेशभूषेचा वेगळा मान देतं. तिथले इंद्रन्स तर शिंपीकाम, मग सिनेमाची वेशभूषा करत नट झाले आणि २०१७चा उत्कृष्ट अभिनेत्याचा राज्य पुरस्कार घेऊन गेले. हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, “मग मीबी उभारतो की ओ स्टेजवर!”

उभारा, पण आधी सरदारांचे पोशाख बदला. चकचकीत सॅटिन, वर पॉलिस्टरची जर. हॅलोजनखाली आमचा सरदार लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसत होता. शहापूर-वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती, तिथं बसून सॅटिन कशाला? जिरेटोप आतून पुठ्ठ्याचा, पहाटेपर्यंत घामानं लिबलिबीत झाला.

डिपॉझिट कुरकुर न करता परत दिलं, गुलालाच्या धुलाईचे पैसे तेवढे कापले. ते रास्तच.

मावळे इथूनच घ्या. सरदाराचा पोशाख शिवून घेतलेला बरा. आणि मिरवणुकीच्या आठवडाभर आधी जा; शेवटच्या दोन दिवसांत ४०च्या वरच्या छातीचा अंगरखा मिळत नाही.