आठ महिने, ९,४०० किलोमीटर आणि मागच्या डाव्या दाराची क्लिप

एअरबॅग किती, डिकी केवढी, हे तुम्हाला पाठ असणार, ते सांगत बसत नाही. गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोल, मधलं मॉडेल. पंधरा ऑगस्टच्या भाषणात कर उतरणार असं ऐकलं तसं मी बुकिंग दाबून ठेवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि दसऱ्याला गाडी दारात. पैसे वाचल्याचा आनंद तीन आठवडे टिकला.

मग मागच्या डाव्या दारातून टर्र... टिक, टर्र सुरू झालं. विजापूर रोड सोडून जुळे सोलापूरकडे वळलं, तीस-चाळीसचा वेग आला, की हजर. पुणे हायवेला नव्वदवर मात्र चिडीचूप. म्हणजे गाडी हायवेची, आमच्या गल्लीची नाही. बायको म्हणते, आवाज दारात नाही, तुमच्या डोक्यात आहे. तिला पुढे बसवून, रेडिओ बंद करून, काचा वर करून सात रस्त्याला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तिनं कबूल केलं. पेट्रोल गेलं ते गेलंच.

सर्व्हिस सेंटरला चार चकरा झाल्या. पहिल्यांदा हातात टॅबलेट घेतलेला मुलगा म्हणाला, "काका, नवीन प्लास्टिक आहे, बसेल हळूहळू." दुसऱ्यांदा काळी फेल्टची पट्टी चिकटवली. ती उन्हानं सुटली आणि एक आवाज होता त्याचे दोन झाले. तिसऱ्यांदा ट्रायलला निघताना त्यानं एसीचा पंखा तीनवर केला. मी तो बंद केला, त्यानं परत लावला. चौथ्यांदा सांगितलं, दाराचं आतलं पॅनेलच बदलावं लागेल, वॉरंटीत बसत नाही, ३,८५० रुपये. तेव्हा माझा आवाज चढला. पोरगं विशीतलं, मान खाली घालून टॅबलेटवर बोट फिरवत राहिलं.

माझी आधीची गाडी चौदा वर्षं ह्याच ठिकाणी जायची. तेव्हा तिथं एक मिस्त्री होते. मागच्या सीटवर बसायचे, दाराला कान लावायचे आणि मला म्हणायचे, "चालवा." बस, एवढीच त्यांची तपासणी. २०१९ ला त्यांना तिथून कमी केलं. त्या वर्षी मे ते जुलै ह्या तीन महिन्यांत देशभरच्या डीलरांकडून सुमारे दोन लाख माणसं कमी झाली, असं डीलरांच्याच संघटनेनं, फाडानं, सांगितलं होतं. पेपरात मी ते वाचलंही होतं. तेव्हा त्याचा माझ्या दाराशी संबंध जोडायचं कारण नव्हतं.

इथपर्यंत माझं मत ठाम होतं की हल्लीच्या पोरांना काम नको, पगार हवा. ह्या लेखाची पहिली दोन पानं त्याच रागात लिहिलेली होती. ती फाडली, कारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाचा चाकणहून परत आला.

"काय झालं बे? सुट्टी?"

"ब्रेक दिला, मामा."

अडीच वर्षांत तिसरा ब्रेक, म्हणजे तिसऱ्यांदा कामावरून घरी. काम काय, तर लाइनवर दाराचं पॅनेल बसवणं. गाडी वेगळ्या कंपनीची, पण दार ते दारच. मी त्याला आवाज ऐकवला. ऊन उतरल्यावर त्यानं मुदत संपलेलं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून फटीत घातलं आणि दहा-बारा मिनिटांत पॅनेल हातात काढून दिलं. एक छिद्र रिकामं, क्लिपच नाही. शेजारची क्लिप अर्धी आत आणि तिच्या मानेवर पांढरा डाग. "तिरकी असताना वरनं तळहातानं मारली. प्लास्टिक असं पांढरं पडतं. ह्याला कुणी शिकवलं नव्हतं," तो म्हणाला. मी म्हटलं, आळशी असेल. तो म्हणाला, "आळशी असता तर मारलीच नसती."

क्लिप बसते तेव्हा टक् होतं, पण लाइनवरच्या गोंगाटात ते कानाला कळत नाही, बोटालाच कळावं लागतं. बोट तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. गाड्या पुढं सरकत असतात, एका दाराला मिळतात काही सेकंद. आणि बोट पक्कं झालं की ब्रेकची वेळ येते, कारण बारा महिन्यांत २४० दिवस भरले की माणूस कायद्याच्या हिशेबात येतो. त्याला काढायचं तर नोटीस द्या, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्या. त्यापेक्षा आधीच घरी पाठवलेलं स्वस्त. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, हे गणित मला समजावून सांगावं लागत नाही.

माझे वडील लक्ष्मी-विष्णूमध्ये बदली होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर डबा घेऊन घरी. गिरणीतल्या बदलीला निदान 'बदली' हा शब्द तरी होता. जर्मनीत फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं ठरवलं, तर युनियनशी बसून करार करावा लागला आणि जगभर बातमी झाली. भाच्याची नोकरी गेली असं कुठंच लिहिलेलं नाही. कंपनीच्या हजेरीपटावर तो कधी नव्हताच, कंत्राटदाराचं कंत्राट संपलं इतकंच. आमच्या कारखान्यातही नवीन पोरगं मागावर आलं की सेकंडचा, म्हणजे खोट असलेला, माल वाढतो. तो आकडा दर महिन्याला मीच वहीत चढवतो, पुढच्या रकान्यात 'कामगार चूक' असं लिहून. पंधरा वर्षं झाली लिहितोय.

असो. क्लिपची किंमत १८ रुपये. पण कंपनीच्या काउंटरवर सुटी मिळत नाही, दहाचंच पाकीट, १८० रुपये. पावती मागितली तर आधी गाडीचा नंबर विचारला, मग मोबाईल, मग मेल. लागल्या दोन. आठ घरात पडल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा, पोस्टेज तुमचं. दार आता गप्प आहे. फेल्टच्या पट्टीचा डिंक मात्र अजून जात नाही, रॉकेलही लावून झालं.

बाकीचं थोडक्यात. शहरात लिटरला सोळा, हायवेला एकवीस. मेच्या उन्हात एसीनं नाव काढलं. हेडलाइट मात्र मिणमिणते, रात्री मोहोळ ते टेंभुर्णी चालवताना डोळे ताणावे लागतात. मागच्या सीटवर तिसऱ्याला बसवायचंच असेल तर नातेवाईक नावडता निवडा.

भाच्याला परवा फोन आला. नवा कंत्राटदार, नवा कोड, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दारावर नाही, ह्या वेळी सीटवर. हुतात्मा पकडायची म्हणून पहाटे त्याला स्टेशनला सोडलं. तो सवयीनं मागं डाव्या बाजूलाच बसला, बोटं पॅनेलवर.

सोमवारी सर्व्हिस सेंटरचा तोच मुलगा फोनवर. "काका, कंपनीचा कॉल येईल. दहापैकी दहा द्या ना. नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह कापतात." मी म्हटलं, तू पंखा तीनवर केला होतास. तो म्हणाला, "करायला सांगतात, काका." तासाभरात कॉल आला. मी दहा दिले. त्या शोरूमचे आकडे बघून कुणी गाडी घेणार असेल, तर त्यातले दहा माझे आहेत, ते वजा करा.