नगावर पैसे, पगारवाढ की कामाच्या पाळीची सवलत?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवणाऱ्याला दिवाळीआधी हा प्रश्न पडतोच: हातातले पैसे नगावर, म्हणजे ज्याने जितके नग केले त्या हिशेबाने, वाटायचे, सरसकट पगार वाढवायचा, की आणखी काही करायचं? बोनस यात धरू नका. कायद्याने पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के द्यावाच लागतो, तो त्याचा हक्क आहे.

नगावर पैसे फेटलिंगला, म्हणजे ओतलेला नग साफ करण्याच्या कामाला, चांगले लागू पडतात. ग्राइंडरवर बर (कडेला राहिलेला जादा धातू) काढली की साफ झालेला नग समोर पडतो, मोजता येतो. नवा संसार, डोक्यावर घराचा हप्ता, असा पोरगा इथे जीव तोडून राबतो. फक्त नग वाढले म्हणून दर उतरवू नका. एकदा उतरवलात की पुन्हा कोणी जोर लावत नाही.

तीच पद्धत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याला, लावू नका, हे मी ठामपणे सांगतो. घाईत वाळू जास्त ओली राहिली की ओतलेल्या नगाच्या आत ब्लो होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडतात. वरून कास्टिंग धड दिसतं, दोष उघडा पडतो तो मशीनिंगला, पार्टीच्या दारात. आम्ही हे भोगलंय: एक महिना मोल्डिंगलाही नगावर पैसे दिले. त्या महिन्यात नगही वाढले आणि रिजेक्शनही. चूक पोरांची नव्हती. आम्ही जे मोजलं, ते त्यांनी दिलं.

पगारवाढ सगळ्यांनाच हवी असते, आणि बाजारापेक्षा पगार कमी असेल तर आधी तीच करा. पण तिची नवलाई लवकर ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनीअर आणि अकाउंटंटच्या मुलाखतींवरून 1959 मध्ये हेच मांडलं: अपुरा पगार नाराजी आणतो, उमेद मात्र कामातून, जबाबदारीतून, मिळालेल्या दादेतून येते. ती माणसं फाउंड्रीतली नव्हती, तरी मशीन लावून देणाऱ्या आमच्या जुन्या सेटरला हे तंतोतंत लागू पडलं. पहिला नग पास करायची सही त्याच्याकडे दिली. आता तो बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) स्वतः लावतो, आकडा वहीत लिहितो, आणि शंका आली तर मशीन थांबवतो. मलाही न विचारता.

पाळीची सवलत मात्र बहुतेक मालकांच्या ध्यानातच येत नाही. घरी दोन म्हशी असलेला आमचा एक मोल्डर दुसऱ्या पाळीला हमखास दांडी मारायचा. शेवटी विचारलं, तर म्हणाला, “मालक, सांजच्या धारेची वेळ चुकती बघा.” त्याला कायमची पहिली पाळी दिली. दुसरी पाळी सकाळी कॉलेजला जाणाऱ्या पोरानं आनंदानं घेतली. यात एक रुपयाही गेला नाही.